अंगणातील बागाईत

जळगाव किंवा धुळे शहराच्या नव्या वसाहतींतून फेरफटका मारणाऱ्यास असे आढळून येईल की, एकाच मालकीच्या भूखंडावर दोन निराळे अंमल सुखेनैव नांदत असतात. फाटकापासून ओट्यापर्यंत हिरवळ, ड्युरांटाचे कातरलेले कुंपण, क्रोटनची चित्रविचित्र पाने, जास्वंद आणि बोगनवेल. आणि घराला वळसा घालून मागे गेले की मोरीच्या पाण्यावर माजलेला अळू, कढीपत्त्याचे झाड, भिंतीवर चढलेले गिलके व कोपऱ्यात उभा असलेला शेवगा. पुढचा मुलूख पाहुण्यांचा, मागचा घरच्यांचा. पुढच्या मुलखात खाण्याजोगे काही उगवले तर ते तण ठरते आणि मागच्या मुलखात फूल उमलले तर ते निमूटपणे देवपूजेच्या परडीत जमा होते. ही हद्द कोणी व केव्हा आखली, आणि खानदेशासारख्या उन्हाच्या व टंचाईच्या प्रदेशात ती कायम राखण्याइतकी ऐपत आपल्यापाशी आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही हद्द आपल्या परंपरेतील नव्हे, एवढे तरी निःशंकपणे सांगता येते. वात्स्यायनाचे कामसूत्र ज्या कारणासाठी प्रसिद्ध आहे ते कारण क्षणभर बाजूस ठेवून त्यातील भार्याधिकारिक प्रकरण वाचले, तर गृहिणीने घराच्या वाटिकेत काय काय लावावे याची एक विस्तृत यादीच तेथे आढळते: हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी, अजमोदा आणि शेपूच्या जातीची शतपुष्पा; आणि त्यांच्या पाठोपाठ, कोणतीही भिंत मध्ये न घालता, मल्लिका, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद, वाळा यांची नावे येतात. बसण्यासाठी रम्य ओटे करावेत आणि मध्यभागी विहीर किंवा बावडी खणावी, असेही ग्रंथकार सांगतो. विहीर मध्यभागी असावी हा तपशील विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे; कारण भाजी आणि फूल यांना एकत्र आणणारी वस्तू त्या वाटिकेत सौंदर्यदृष्टी नसून पाणी होती, असे मला वाटते.

हद्द आली ती बंगल्याबरोबर. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले ठाणे म्हणून निवडले, आणि पुढे प्रत्येक जिल्ह्याच्या ठाण्यात घडले तेच येथेही घडले: साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ आली, भाजीचा मळा माळ्याच्या ताब्यात बंगल्यामागे गेला, आणि साहेब निघून गेल्यावर वकील, डॉक्टर व अडते यांनी तोच आराखडा लहान प्रमाणावर आपापल्या अंगणात उतरविला. वस्तुतः युरोपातदेखील हा आराखडा एकमेव नव्हता. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातील विलांद्री येथे कोबी, बीट, लाल पानांचा सॅलड यांचे भौमितिक ताटवे गुलाबांच्या संगतीने मांडलेले आहेत आणि ते पाहावयास जगभरचे लोक जातात. ज्वाकिम कार्वालो याने तेथील वाडा विकत घेऊन बागेच्या जीर्णोद्धारास हात घातला ते साल १९०६. सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले ते सालही हेच. तिकडे एक माणूस बागेतील हद्दी पुसत होता आणि इकडे महसूल खाते नवी हद्द आखीत होते! अर्थात विलांद्रीची नक्कल येथे करावी असा माझा मुळीच आग्रह नाही. तेथे ज्या महिन्यांत कोबीला गोड ऊन मिळते, त्याच महिन्यांत आपल्याकडे भुसावळच्या फलाटावर उभे राहणेही दुरापास्त होते.

आपला खरा प्रश्न पाण्याचा आहे. जळगावास सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्यास त्याहूनही कमी. तोही चार महिन्यांत, आणि त्यातील बराचसा मोजक्या दिवसांत. वाघूर धरणावर जळगावचे आणि तापी योजना, नकाणे व डेडरगाव तलाव यांवर धुळ्याचे नळ अवलंबून. आणि नळ रोज येईल अशी खात्री उन्हाळ्यात कोणीच बाळगीत नाही. वैशाखात हिरवळ जिवंत ठेवावयाची तर चौरस मीटरमागे दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते. म्हणजे दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा बेताच्या हिरवळीस अडीचशे ते तीनशे लिटर, एका लहान कुटुंबाच्या एका दिवसाच्या वापराइतके. भाजीची तहान गवताहून फारशी कमी असते असे नव्हे. परंतु गवतासाठी सगळा चौरस भिजवावा लागतो आणि भाजीसाठी केवळ मुळापाशी पाणी दिले की भागते. शिवाय त्या पाण्याच्या मोबदल्यात संध्याकाळी परडीत काहीतरी पडते. ठिबक सिंचनाच्या उद्योगामुळे जळगावचे नाव देशभर गेले असता त्याच शहरातील अंगणांत रबरी नळीने गवताला अभ्यंगस्नान घातले जावे, ही विसंगती डोळ्यांना टोचल्यावाचून राहत नाही.

मग वाटणी कशी करावी? जुन्या महसुली दफ्तरांत जमिनीचे वर्ग पाडले जात ते पिकाच्या नावावरून नव्हे, तर पाण्याच्या मार्गावरून: पाटाचे पाणी मिळते ते पाटस्थळ, मोटेचे मिळते ते मोटस्थळ, दोन्ही मिळून बागाईत, आणि पावसावर अवलंबून ते जिराईत. जमाबंदीचा कारकून शेतात गुलाब आहे की गवार, हे नंतर पाही. पश्चिम खानदेशात तर या तत्त्वाचे सुंदर प्रात्यक्षिक पांझरेच्या काठी आजही पाहावयास मिळते. तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाणारी फड पद्धत ती हीच. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतोशेती जाणारे सारंग. आणि या पाण्याखालील सगळ्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक: ऊस तर ऊस, भुसार तर भुसार. पाटकरी पाणी फिरवितो, हवालदार देखरेख करतो, जागल्या राखण करतो, आणि बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहून कोणते फड भिजवावयाचे व कोणता कोरडा ठेवावयाचा हे गावकरी मिळून ठरवितात. एका फडात एकच पीक का, तर शेजारी शेजारी असलेल्या पिकांची तहान सारखी असली म्हणजे पाटकऱ्यास एका पाळीत सारा फड उरकता येतो, आणि कज्जे होत नाहीत. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर आरंभीच्या काळात याच मुलखात होते आणि दातर्ती येथे नळाच्या वक्रनलिकेने पाणी ओढ्यापार नेण्याचे काम त्यांनी तडीस नेले. पाणी कसे न्यावे हे त्यांनी दाखविले. पाणी कोणी किती घ्यावे हे या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी त्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

फडाचा हा न्याय अंगणास लावला की भाजी व फूल यांचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. अंगणाचे तीन फड करावेत. पहिल्यात रोज पाणी मागणाऱ्या वनस्पती: मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ, त्यांच्या काठाने झेंडू आणि शेवंती. दुसऱ्यात एक-दोन दिवसांआड पाण्यावर भागविणाऱ्या: वांगी, मिरची, भेंडी, आणि त्यांच्याबरोबर गुलाब व मोगरा. तिसऱ्यात रुजल्यावर आठवड्याने एकदा पाणी पुरे होणारी मंडळी: शेवगा, कढीपत्ता, बोगनवेल, सदाफुली, कोरफड. प्रत्येक फडास ठिबकची निराळी नळी आणि तिला निराळा कॉक, एवढीच काय ती यंत्रसामग्री. बोगनवेलीशेजारी पालक लावला तर पालकाच्या पाण्याने बोगनवेल नुसती पाने काढीत बसते, फुलत नाही. आणि बोगनवेलीच्या बेताने पाणी दिले तर पालक चार दिवसांत मान टाकतो. अशी सोयरीक जमवून मग "भाज्या आणि फुलझाडे एकत्र येत नाहीत" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आणखी एक चौथा, लहानसा फड मोरीच्या पाण्यावरचा असावा. केळ, कर्दळ आणि अळू ही त्रयी आपल्या आजीपणजीने तेथे लावली ती विचारपूर्वकच. कर्दळीची मुळे सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी आता शास्त्रीय रीतीनेही वापरली जातात. मात्र ज्या पाण्यात कपड्यांचा साबण-सोडा उतरला आहे ते काळ्या जमिनीस सतत देऊ नये, सोडियममुळे तिचा पोत बिघडून ती दगडासारखी घट्ट होते. आणि कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांस तर मोरीचे पाणी कदापि देऊ नये.

आता जमिनीविषयी. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसास आणि केळीस मानवते, पण घराच्या बागेत ती दुहेरी स्वभावाची आहे. पाणी प्याले की ती फुगते, वाळली की आक्रसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे अक्षरशः ताणून तुटतात, तर श्रावणात तीच जमीन पाणी धरून बसते आणि मिरचीची मुळे कुजतात. यावर जुनाच तोडगा आहे: वीतभर उंचीचे गादीवाफे, त्यांत शेणखत व नदीचा पोयटा, आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन. पुढच्या अंगणात ते आच्छादन ओंगळ दिसते अशी शंका घेणाऱ्यांनी वाफ्याच्या कडेने गवती चहा किंवा पानओवा लावावा. काठही झाकतो आणि चहाही साधतो.

या जमिनीत चुन्याचा अंश पुष्कळ. खणताना चुनखडीचे पांढरे खडे हाती लागतातच. त्याचा परिणाम प्रथम जास्वंदीवर दिसतो. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही, आणि शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात. परंतु त्या पिवळ्या पानातील शिरा मात्र हिरव्या राहतात. आता याच्या शेजारी भेंडीचे पान धरून पाहावे. भेंडीस हळद्या रोग झाला म्हणजे नेमके उलट घडते: शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग हिरवा राहतो, जणू पानावर कोणी पिवळ्या दोऱ्याने जाळी विणली आहे. पहिल्यावर उपाय सोपा आहे, हिराकशीचे पाण्यात सौम्य द्रावण करून पानांवर फवारावे. जमिनीत टाकलेली हिराकस चुना पुन्हा बांधून टाकतो. दुसऱ्यावर उपाय नाही. तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीने आणलेला. झाड उपटून नष्ट करणे हाच इलाज. दोन पानांतील हा फरक ज्यास ओळखता आला, त्याने मिश्र बागेतील अर्धी विद्या हस्तगत केली असे समजावे, कारण हिरव्या शिरांच्या रोपावर विनाकारण कुऱ्हाड चालविणारे आणि पिवळ्या शिरांच्या रोपास खतामागून खत घालणारे, असे दोन्ही प्रकारचे बागवान आपल्या परिचयाचे असतात.

भेंडी आणि जास्वंद यांचे नाव एकत्र घेतले ते सहेतुक. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस ही एकाच कुळातील भावंडे. भेंडीचे पिवळे फूल, त्याच्या तळाशी असलेला गडद जांभळा डाग आणि मधून वर आलेली पुंकेसरांची दांडी पाहिली की हे नाते सांगावे लागत नाही. दिसावयास ही भावंडे एका ताटव्यात अत्यंत शोभतात. पण भावंडांचे रोगही सामाईक असतात. कापसाच्या या जिल्ह्यात पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांना दुष्काळ ठाऊक नाही; कापूस निघाल्यावर पिठ्या ढेकूण जास्वंदीच्या बेचक्यांत सुखाने दिवस काढतो, आणि तेथून भेंडीवर उतरावयास त्यास मुंग्यांचे साहाय्य मिळते. म्हणून खानदेशात तरी जास्वंद आणि भेंडी यांच्यामध्ये दुसऱ्या कुळातील वनस्पतींचा एखादा फड असू द्यावा. याउलट झेंडू व टोमॅटो यांची संगत लाभाची ठरते. झेंडूच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना मारक असतात. शिवाय टोमॅटोचे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालण्यास उंच झेंडूची फुले अधिक पसंत करतो. शेतावर टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि झेंडूचे रोप टोमॅटोहून वीसएक दिवसांनी वडील, असे प्रमाण शास्त्रज्ञ सुचवितात. अंगणात ओळी मोजण्याची गरज नाही, झेंडू आधी फुलला म्हणजे झाले. मात्र अळ्या पडलेली फुले खुडून नष्ट केली पाहिजेत, नाहीतर तो सापळा न राहता पतंगांची धर्मशाळा होईल. कोथिंबिरीची दोन-चार झुडपे मुद्दाम फुलू द्यावीत. त्या पांढऱ्या छत्र्यांवर येणाऱ्या एका जातीच्या माशीची पिल्ले मावा खाऊन जगतात.

आणि वांगे. जळगावकरास वांग्याचे गुणवर्णन ऐकविणे हा उद्धटपणा होईल, पण त्यानेही वांग्याकडे पाहिलेले असते ते कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर, वाफ्यात क्वचित. भरिताचे वांगे लांबट, फिकट हिरवे, पांढुरक्या रेषांचे आणि कमी बियांचे. यावल तालुक्यातील बामणोद, जळगावजवळचे आसोदे ही त्याची माहेरघरे, आणि 2016 साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचे झाड घेरदार होते, दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर द्यावे लागते, आणि राखाडी छटेची मोठी पाने, त्यांच्याआड लोंबणारी फळे व जांभळी फुले यांनी ते एखाद्या शोभेच्या झुडपास सहज मागे सारते. फूल जवळून पाहावे. मध्यभागी पिवळ्या परागकोशांचा शंकू असतो आणि पराग बाहेर पडतात ते शंकूच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रांतून, तेही शंकू थरथरला तरच. ही थरथर मधमाशीस साधत नाही. लाकूड पोखरणारा काळा भुंगा फुलास कवटाळून पंखांचे स्नायू घुमवितो तेव्हा पराग उडतात. एकाच झाडावर काही फुलांची कुक्षी शंकूच्या बाहेर डोकावते, काहींची आतच आखूड राहते. फळ धरते ते बहुधा पहिल्या प्रकारचे, आणि दुसरी फुले गळतात म्हणून घाबरण्याचे कारण नसते. भुंग्यास बागेत वस्तीला ठेवावयाचे तर त्यास वर्षभर फुले हवीत, जुन्या लाकडाचा एखादा वासा हवा. फुलबाग आणि भाजीबाग यांची खरी भागीदारी ती हीच: फुले भुंगा पोसतात, भुंगा वांगी धरवितो. शेंडा अचानक मलूल होऊन खाली झुकलेला दिसला तर आत अळी आहे असे समजून तो तत्काळ खुडावा. आठ-दहा झाडांपुरती एवढी चाकरी रोज सकाळी करता येते आणि औषधाची बाटली घरात आणावी लागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी रोपे टाकली की चातुर्मासात, म्हणजे ज्या काळात वांगे खाणे निषिद्ध, झाड वाढते. आणि चंपाषष्ठीस खंडोबाच्या नैवेद्यास भरीत-रोडगे हवेत त्या सुमारास फळांचा बहर येतो. धर्मशास्त्र आणि कृषिशास्त्र यांचे इतके सलोख्याचे वर्तन इतरत्र फारसे दिसत नाही.

मिश्र बागेतील खरा धोका विषाचा आहे, आणि त्याविषयी मात्र सौम्य भाषा वापरण्यात हशील नाही. तांबडी व पांढरी कण्हेर, पिवळ्या फुलांची बिट्टी ही खानदेशातील कुंपणांची आवडती झाडे सर्वांगांनी विषारी आहेत. त्यांच्या खाली पालेभाजी लावू नये, कारण गळलेली पाने जुडीत मिसळतात. शोभेचा रंगीत कॅलेडियम आणि खाण्याचा अळू एका वाफ्यात आणू नये. घाईच्या वेळी विळी दोहोंत भेद करीत नाही. आणि गुलाबावर मारलेले आंतरप्रवाही कीटकनाशक शेजारच्या मिरचीत उतरत नाही अशी भाबडी समजूत असेल तर ती आजच सोडून द्यावी. ज्या फडात एक तरी खाण्याची वनस्पती आहे, तो सगळा फड खाण्याचा समजून निंबोळी अर्कावर भागवावे.

वेलींना फाटकावरची कमान मोकळी करून द्यावी. मधुमालती तेथे असतेच. तिच्या जोडीस दोडका किंवा गिलके चढविले तर पाहुण्यास ओळखूही येत नाही. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात, गिलक्याची पहाटे. दुधी भोपळ्याची पांढरी फुले सूर्यास्तानंतर उघडून पतंगांची वाट पाहतात. दिवसभर दारे-खिडक्या लावून बसलेले खानदेशी घर दिवेलागणीस ओट्यावर येते, तेव्हा दोडक्याची कमान ऐन भरात असते.

राहिला तो आक्षेप शोभेचा. भाजी काढली की ताटव्यात खिंडार पडते आणि क्रोटनास तो दोष नाही, असे म्हणतात ते खरे आहे. त्यासाठी मागच्या बाजूस रोपांची एक लहान गादी सदैव तयार असली पाहिजे. आश्विनात झेंडू दसऱ्यास तोडून झाला की त्या जागी टोमॅटो, कोबी; माघात मेथी उपटली की गवार आणि तांदुळजा; फाल्गुनात वांग्याची थकलेली झाडे काढून त्या वाफ्यास दोन महिने ऊन खाऊ द्यावे. पारा 35 अंशांच्या पलीकडे गेल्यावर टोमॅटोची फुले गळतात आणि उरलेली फळे लाल न होता पिवळट राहतात, तेव्हा होळीनंतर त्याच्यामागे पाणी खर्चू नये. त्याची जागा पोर्चुलाकाच्या रंगीत फुलांस द्यावी आणि त्याच जातीची खाण्याची घोळ शेजारी पसरू द्यावी, दोघींनाही वैशाखाची पर्वा नसते. वाफ्यांवर केळीची वाळलेली पाने पसरावीत, उसाचे पाचट पसरावे, पालापाचोळा पसरावा. पऱ्हाट्यांची मोळी मात्र भरिताच्या दिवशीच घरी आणावी आणि त्याच दिवशी जाळून संपवावी. ती कुंपणाशी रचून ठेवली तर पिठ्या ढेकूण भरिताची वाट न पाहता जास्वंदीवर मुक्कामास जातो.